मांजरीचा पंजा हातात घेण्याआधी

मागच्या दिवाळीत दारापुढं रांगोळीचं पांढरं अंथरून मी रंगाचे डबे आणायला आत गेले. परत येईस्तोवर तर्री त्यावरून चालून गेली होती. तर्री म्हणजे आमची तिरंगी मांजर. रांगोळी मोडली, पण उमटलेले ठसे इतके स्वच्छ होते की मी तिथंच उकिडवी बसले. मधे एक मोठी गादी, तिच्यापुढं कमानीत चार लहान गाद्या आणि नखांचा मागमूस नाही. पेंचला गाइडनं धुळीत वाघाचा ठसा दाखवला होता, तोही हुबेहूब असाच. फक्त तो माझ्या हाताच्या पंज्याएवढा होता आणि हा रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. वाघाची मावशी म्हणतात ते किती खरं आहे, ते त्या दिवशी डोळ्यांना दिसलं.

पण मग एक गोष्ट खटकली. मांजरीच्या पुढच्या पंजाला बोटं पाच असतात. ठशात चारच कशी?

त्याचं उत्तर शोधताना मला कळलं की गेली दोन वर्षं मी तर्रीचा पंजा चुकीचा धरत होते. लहान मुलाचा हात धरावा तसा मनगटाशी आवळून धरायचा आणि आपल्याकडं ओढायचा. ती झटकायची, ओरबाडायची आणि मी तिला हट्टी ठरवून मोकळी व्हायची. आईनं एकदा स्वयंपाकघरातून पाहिलं आणि म्हणाली, "काहून ओढून राहिली तिचा पाय? हात आहे काय तो?" प्रश्न अगदी नेमका होता. हाडं पाहिली तर तो हातच आहे, पण त्याचं काम आणि त्याची बांधणी आपल्या हातापेक्षा वेगळी आहे. हे एकदा समजलं की नखं कापणं, पाय तपासणं, मांजर उचलणं सगळंच सोपं होतं.

आधी स्वतःचा हात टेबलावर ठेवा

मांजरीला हात लावायच्या आधी हे करून पाहा. तळहात टेबलावर सपाट टेकवा. आता बोटं टेकलेलीच ठेवून तळहात आणि मनगट वर उचला, म्हणजे हात फक्त बोटांवर उभा राहील. मांजर चारही पायांवर अशीच उभी असते. आपण टाच टेकवून चालतो, ती बोटांवर चालते. तिच्या पुढच्या पायाला जमिनीपासून थोडं वर जो वाक दिसतो तो गुडघा नसून मनगट आहे. मागच्या पायात उलटा दुमडल्यासारखा जो सांधा दिसतो, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या केसांत दडलेला असतो. पाय "उलट्या बाजूला दुमडतो" असं वाटून काही जण तो सरळ करायला बघतात. कृपा करून तसं करू नका.

आता त्याच अवस्थेत आपला अंगठा पाहा. चार बोटं टेबलावर आणि अंगठा बाजूला, अधांतरी. रांगोळीतल्या कोड्याचं उत्तर हेच. मांजरीचं पाचवं बोट म्हणजे तिचा अंगठा. तो पंजाच्या आतल्या बाजूला, जरा वर असतो आणि चालताना जमिनीला लागतच नाही. मागच्या पायाला तर तो नसतोच, तिथं चारच बोटं. पुढची दहा, मागची आठ, अशी एकूण अठरा नखं. काही मांजरींना जन्मतःच जास्त बोटं असतात. तो वंशातून येणारा गुण आहे, आजार नाही. फक्त त्या जादा बोटांच्या नखांवर लक्ष ठेवावं लागतं.

आणखी एक गंमत टेबलावरच पाहून घ्या. हात पालथा ठेवून अंगठा सोडून चार बोटं पाहिली की मधलं बोट सगळ्यांत पुढं दिसतं. मांजरीच्या ठशातही मधल्या दोन बोटांपैकी एक किंचित पुढं असतं, आणि ते शरीराच्या आतल्या बाजूचं असतं. ते उजवीकडचं असेल तर पंजा डावा, डावीकडचं असेल तर उजवा. वाघाचा ठसा वाचणारी जंगलातली माणसंही डावा-उजवा असाच ओळखतात. घरी करून पाहायचं तर फरशीवर कणकेचा पातळ थर पुरे.

हाडांचा हिशेब थोडक्यात सांगते. आपल्या एका हातात 27 हाडं असतात: मनगटात 8, तळहातात 5 आणि बोटांत 14. मांजरीच्या पुढच्या पंजात मनगटाची 7, मधली 5 आणि बोटांची 14. बोटांची संख्या तंतोतंत तीच, अंगठ्याला दोन पेरं आणि बाकीच्यांना तीन-तीन. मनगटात एक हाड कमी दिसतं, कारण आपल्याकडं सुटी असलेली हाडं तिथं एकत्र जुळलेली असतात. आपल्या मनगटाच्या घडीजवळ, करंगळीच्या बाजूला बोट दाबून पाहा. वाटाण्याएवढं टणक हाड लागतं. तेच हाड मांजरीत चांगलं लांब असतं आणि त्यावर एक सुटी छोटी गादी असते. पंजाच्या मागं, बऱ्याच वर दिसणारी ती एकटी गादी कशासाठी, असा प्रश्न पडलेल्यांना हे उत्तर. चालताना ती टेकत नाही. उडी मारून उतरताना किंवा घसरताना मात्र ब्रेकसारखी कामी येते.

मांजर उचलायची कशी

आपला अंगठा करंगळीच्या टोकाला लावता येतो. या एका हालचालीवर सुई, पेन, पोळी लाटणं, रांगोळीची चिमूट, सगळं उभं आहे. मांजरीच्या अंगठ्याला हे जमत नाही. तो भक्ष्य दाबून धरायला आणि झाडावर चढताना अडकवायला उपयोगी पडतो. म्हणून ती एका पंजात वस्तू पकडण्याऐवजी दोन्ही पंजांमध्ये धरते, नाहीतर नखांत अडकवते.

दुसरा फरक खांद्यात आहे. गळ्याखाली हात लावा, दोन्ही बाजूंना गळपट्टीचं हाड लागेल. ते आपला हात धडाच्या सांगाड्याशी जोडतं. मांजरीत हे हाड बारीक काडीएवढं, स्नायूंत नुसतं तरंगत असतं, दुसऱ्या हाडाशी जोडलेलं नसतं. तिचा पुढचा पाय धडाला स्नायूंनीच बांधलेला असतो. म्हणून डोकं जाईल त्या फटीतून तिचे खांदेही जातात आणि उंचावरून उतरताना धक्का स्नायूंत जिरतो. पण म्हणूनच मुलं करतात तसं पुढचे दोन पाय धरून तिला लोंबकळत उचलणं वाईट. सगळा भार त्या स्नायूंवर येतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या बाजूखाली, आणि तिचं अंग आपल्या अंगाशी टेकलेलं, असंच उचला.

नखं: हाडावर चढवलेलं टोपण

आपलं नख बोटाच्या वरच्या बाजूला कौलासारखं बसलेलं असतं. मांजरीचं नख शेवटच्या पेराच्या हाडावर टोपणासारखं चढलेलं असतं, हाड नखाच्या आत शिरलेलं असतं. काही देशांत नखं कायमची काढून टाकायची शस्त्रक्रिया होत आली आहे. तिच्यात नुसतं नख काढता येत नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापावं लागतं. सोफा वाचवायला कुणी हे सुचवलं, तर आपल्या दहा बोटांची टोकं डोळ्यांपुढं आणा.

"मांजर नखं आत ओढते" असं आपण म्हणतो, पण आत असणं हीच नखांची आरामाची अवस्था आहे. लवचिक बंध शेवटचं पेर स्प्रिंगसारखं मागं, मधल्या पेराच्या कडेला दुमडून ठेवतात. त्यात काही श्रम नाहीत. नखं बाहेर काढायला मात्र स्नायू लावावा लागतो, आणि तो पंजात नसून वर, पायाच्या पिंढरीत असतो. आपलंही तसंच आहे. डाव्या हाताच्या कोपराखाली उजवा हात ठेवून डाव्या बोटांची टोकं वळवा, दोऱ्या खेचल्यासारखी हालचाल तिथं जाणवेल. ठशात नखं का नव्हती, ते आता कळलं असेल. चालताना ती आत असतात, म्हणून बोथट होत नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं बहुधा दिसतात.

नखाची वाढही निराळी आहे. ते कांद्यासारखं थरांनी वाढतं आणि बाहेरचा जुना थर टोपणासारखा निघून येतो. सतरंजीवर कधी चंद्रकोरीसारखं पोकळ कवच सापडलं तर घाबरू नका, नख तुटलेलं नसतं. हा थर काढण्यासाठी, अंग ताणण्यासाठी आणि बोटांमधल्या ग्रंथींचा वास ठेवून "ही जागा माझी" सांगण्यासाठी ती ओरबाडते. त्यासाठी तिला रागावण्यापेक्षा जागा द्या. आम्ही जुन्या दाराच्या फळीला जाड सुतळी घट्ट गुंडाळून ती भिंतीला पक्की ठोकली. उंची अशी हवी की मागच्या पायांवर उभी राहून तिला पूर्ण ताणता यावं, साधारण तीन फूट. फळी हलली की मांजर तिच्याकडं परत फिरकत नाही.

नखं कापायची पद्धत

घरातल्या मांजरीची नखं दोन-तीन आठवड्यांनी टोकाशी कापलेली बरी. बाहेर हिंडणाऱ्या मांजरीची कापू नका. झाडावर चढून कुत्र्यापासून जीव वाचवायला तिला ती लागतात.

वेळ निवडणं हे अर्धं काम. आमच्याकडं जेवणानंतरची दुपार, कूलरपुढं ती पसरलेली असते तेव्हाची. सुरुवातीचे सात-आठ दिवस कात्री आणूच नका. रोज एकेक बोट हलकं दाबायचं, सोडायचं, आवडता खाऊ द्यायचा. पिल्लू असेल तर हे फार लवकर अंगवळणी पडतं.

कापायच्या दिवशी तिला मांडीवर घ्या, तिची पाठ तुमच्या पोटाकडं. पंजा धरताना आवळायचा नाही आणि ओढायचा तर मुळीच नाही. तो जिथं आहे तिथंच आपला हात न्या. तुमचा अंगठा बोटाच्या वर, शेवटच्या सांध्याच्या जरा मागं, आणि तर्जनी त्याच बोटाच्या गादीखाली. दोन्हींनी हलकं दाबलं की नख पुढं सरकतं. याला जोर लागत नाही, आणि लागला तर तुम्ही चुकीच्या जागी दाबताय.

आता उजेडात नीट पाहा. नख बहुतेक अर्धपारदर्शक असतं आणि आत मुळाकडं गुलाबी पट्टा दिसतो. त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात, तो नखाचा जिवंत भाग. त्याच्यापुढं निदान दोन मिलिमीटर सोडून फक्त बाक घेतलेलं अणकुचीदार टोक कापायचं. मांजरांसाठी मिळते ती छोटी कात्री घ्या आणि तिची पाती नखाच्या वर-खाली येतील अशी धरा. बाजूंनी दाबलं तर नख उभं चिरतं.

मी पहिल्या वेळी घाईत गुलाबी भागापर्यंत कापलं. तर्री किंचाळली, रक्ताचा थेंब आला आणि पुढचे दोन महिने कात्री दिसली की ती पलंगाखाली. असं झालं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसानं दोन-तीन मिनिटं न उघडता दाबून धरा. हळद भरू नका, ती सगळी चाटून टाकते. रक्त थांबतच नसेल तर डॉक्टरकडं न्या. आणि एका बैठकीत अठरा नखं झालीच पाहिजेत असा नियम नाही. दोन कापली आणि शेपटी आपटायला लागली की थांबा, बाकीची उद्या.

ओरबाडा तुम्हाला लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना काही लावू नका. मग त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. रेबीजच्या लशीचा निर्णय त्यांना घेऊ द्या, रक्त आलं नसलं तरी. अनोळखी मांजरीच्या बाबतीत तर चालढकल नकोच.

गाद्या आणि नागपूरचा उन्हाळा

पुढच्या पंजाला सात गाद्या असतात: पाच बोटांच्या, एक मोठी आणि एक मनगटाची. मागच्याला पाच. तर्रीच्या गाद्या काही काळ्या, काही गुलाबी आणि एक अर्धी-अर्धी आहे. गादीचा रंग अंगाच्या रंगावर जातो. आपल्या बोटांवर रेघांचे ठसे असतात, या गाद्यांवर तशा रेघा नसतात. पण स्पर्शाची जाण पुष्कळ असते, थरथरही त्यांना कळते. अगदी नाकापुढची वस्तू मांजरीला नीट दिसत नाही, म्हणून ती पंजानं चाचपते. मनगटाच्या मागं काही ताठ मिशा असतात, त्याही याच कामाच्या. गुंता समजून त्या कापू नका.

घामाचा फरक महत्त्वाचा. आपल्याला अंगभर घाम येतो, मांजरीच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांत असतात. दवाखान्याच्या स्टीलच्या टेबलावर घाबरलेल्या मांजरीचे ओले ठसे मी पाहिले आहेत. पण एवढ्याशा घामानं मे महिन्यात अंग थंड होत नाही. आपल्याकडं 45 अंश सहज होतं, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, गच्ची आणि टिनाचं छप्पर रात्री आठलाही तापलेलं असतं. तेव्हा तिला गच्चीत सोडण्याआधी आपला हात पालथा फरशीवर ठेवा. सात सेकंद ठेववला नाही तर तिचा पायही तिथं नको. गादीची कातडी जाड असली तरी भाजते. भाजलंच तर साधं गार पाणी लावा, बर्फ नको, आणि डॉक्टर गाठा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ती कुत्र्यासारखी सहज धाप नसते, ते संकट आहे. ओला कपडा अंगावर फिरवत लगेच निघा.

पंजाला जे लागतं ते पोटात जातं, कारण मांजर पाय चाटते. फिनाइलनं पुसलेली फरशी म्हणूनच धोक्याची. त्यातली द्रव्यं मांजरीच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. आम्ही आता साध्या पाण्यानं पुसतो. कधी फिनाइल लागलंच तर वरून स्वच्छ पाण्यानं पुसून फरशी कोरडी होईस्तोवर तिला दुसऱ्या खोलीत ठेवतो. आपल्या नागपुरात संत्र्याच्या सालीला तोटा नाही आणि ती सोफ्यावर घासली की मांजर येत नाही, असं सर्रास सांगतात. वास तिला आवडत नाही हे खरं, पण सालीतलं तेल तिच्या पोटात जाणं वाईट. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर, कुंडीत, तारेवर अडकलेला नायलॉन मांजा गोळा करून टाका. तो बोटांत अडकला की मांजर ओढते आणि तो आत रुतत जातो.

लंगडत असेल तर

आधी लांबून पाहा, कोणता पाय टेकत नाही. मग दुखरा पाय सगळ्यांत शेवटी तपासा, चांगल्या पायांपासून सुरुवात करा. बोटं एकेक करून हलकी फाकवा. मधे काटा, काच, सुकलेला चिखल आहे का, नख चिरलंय का, एकच बोट सुजलंय का, वास येतोय का, ते पाहा. पावसाळ्यात केस गळून गोल चट्टे दिसले तर तो गजकर्ण असू शकतो आणि तो घरातल्या माणसांनाही होतो. गादी फुगलेली, मऊ, जांभळट लागली तर तो वेगळा आजार आहे, घरी उपाय नाही. आणि मांजर अचानक ओरडत मागचे पाय ओढायला लागली, ते पाय गार आणि गाद्या फिकट किंवा निळसर दिसल्या, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. त्यात मिनिटं मोजायची असतात. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. रात्री-बेरात्री कुठं जायचं याचा नंबर मात्र आधीच फोनमध्ये ठेवा.

दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी-पाव गोळीही नको. मांजरीचा त्यानं जीव जातो.

ठशात न दिसणारं बोट

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या एका काकूंकडं चौदा वर्षांचा बोका आहे. गेल्या हिवाळ्यात गेले तर तो चटईवरून उठायला तयार नव्हता. काकू म्हणाल्या, "म्हातारा झाला न बापा आता, म्हणून हळू चालते." मी सवयीनं त्याचा पुढचा पंजा आपल्या हातावर घेतला. चार नखं ठीक होती. अंगठ्यावरचे केस बाजूला केले, तर तिथलं नख पिवळं, जाड, अंगठीसारखं पूर्ण वळलेलं आणि त्याचं टोक अंगठ्याच्या गादीत रुतलेलं. भोवती ओलसर पू. हे नख जमिनीला लागत नाही, आणि म्हातारपणी मांजर ओरबाडणं कमी करते, म्हणून त्याचा जुना थर निघत नाही. चालताना कुणाला दिसतही नाही.

घरी ओढून काढू नका, असं सांगून आम्ही त्याला टोपलीत घालून नेलं. डॉक्टरांनी नख मधोमध कापून टोक बाहेर काढलं, जखम धुतली, औषध दिलं. चार दिवसांनी काकूंचा फोन आला. बोका ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यापाशी बसला होता.

मी आता तर्रीची नखं कापायला बसले की अंगठ्यापासूनच सुरुवात करते.